बोरमाळच्या चारुशीला दप्तरदार

लालासाहेब पुदाले यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी कमरेपर्यंत एस.टी.त होतो आणि कमरेच्या वरचा बोरमाळ गावात होतो. बाजाराचा दिवस होता. गाडीत साठ-सत्तर माणसं, तेवढ्याच कोंबड्या आणि कांद्याची पोती. कुंडलच्या पुढं बोरमाळ फाट्याला गाडी थांबली, पण माझ्या जागेपासून दारापर्यंत पोचायला मला अर्धं आयुष्य लागलं असतं. कंडक्टरनं घंटा मारली. एवढ्यात माझ्या पाठीमागचं ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं लिहिलेलं दार बाहेरून उघडलं, दोन काटकुळे हात आत आले आणि त्यांनी माझ्या काखेत पकड घातली.

“वाचनालय तपासाया आलेलं सायेब तुमीच न्हवं?”

मी हो म्हणायच्या आत मी हवेत होतो. संकट नसताना त्या दारातून बाहेर पडलेला मी बहुधा पहिलाच प्रवासी असेन. संकट पुढं होतं, हे मला तासाभरानं कळलं. मला जमिनीवर उभं करून त्या माणसानं माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो आधीच वापरलेला होता. सकाळपासून आलेल्या तीन गाड्यांतून जो जो माणूस चष्मा लावून उतरला, त्याच्या गळ्यात हा हार पडला होता आणि चौकशीअंती काढून घेतला गेला होता. माझ्या आधीचा मानकरी कोंबड्यांचा व्यापारी होता. तो तिथंच उभा राहून माझ्याकडं दुखावलेल्या नजरेनं बघत होता.

“आपल्या आगमनानं ही भूमी पुनीत झाली,” लालासाहेब हात जोडून म्हणाले आणि लगेच ओरडले, “आवं पाय, पाय सांबाळा, शेण हाय!”

लालासाहेबांच्या तोंडात अशा दोन भाषा होत्या. पहिली त्यांनी जुन्या कादंबऱ्यांतून उचलली होती आणि ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असे. पण ती दोन वाक्यांपेक्षा जास्त टिकत नसे, आणि मग खालची खरी भाषा वर येई.

ही गोष्ट १९९४ च्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा सांगलीत राहून गावोगावची वाचनालयं तपासायची नोकरी करत होतो. वाचनालयांचे वर्ग असत. बोरमाळचं वाचनालय ‘ब’ वर्गात होतं, आणि ‘ब’ वर्गात राहायचं तर शंभर सभासद लागत. शंभराला एक जरी कमी पडला तरी वाचनालय ‘क’ वर्गात जाई. मग चार वर्तमानपत्रांचं एक होई, दिवसभर उघडी असणारी खोली संध्याकाळी दोनच तास उघडी राही आणि पूर्ण वेळच्या ग्रंथपालाला दुसरं काम शोधावं लागे. बोरमाळला पूर्ण वेळचे ग्रंथपाल म्हणजे लालासाहेब. पन्नाशीचे, काठीसारखे सरळ, डोक्याला काळी टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात शिक्का ठेवायची सवय असल्यामुळं छातीवर कायम ‘परत केले’ असा जांभळा ठसा.

या कामाला ते कसे लागले, तेही सांगण्यासारखं आहे. तरुणपणी ते मिरजेला तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडं होते. त्यांचं काम भोपळे वाळवायचं आणि रद्दीत गुंडाळून ठेवायचं. चार महिन्यांत मालकाच्या असं लक्षात आलं की, हा माणूस भोपळा गुंडाळण्याऐवजी सोडवतो. सोडवून त्याच्यावरचा कागद वाचतो. कुठल्यातरी मासिकाचं पान असे, त्यात गोष्ट असे, आणि गोष्टीचा शेवट नसे. तो दुसऱ्या भोपळ्यावर असेल म्हणून लालासाहेब दुसरा भोपळा सोडवत. एके दिवशी मालक आला तेव्हा एकोणचाळीस भोपळे उघडेबागडे जमिनीवर पडले होते आणि मधोमध लालासाहेब डोळे पुसत बसले होते. नोकरी गेली. “शेवट काय घावला न्हाई सायेब,” असं ते मला पंचवीस वर्षांनी सांगत होते.

वाचनालय पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. गिरणी चालू झाली की सगळी पुस्तकं दाताला दात लागल्यासारखी वाजत. पिठाची धूळ माडीवर येई आणि कपाटं आतून पांढरी होत. तपासायला आलेल्या माणसाची यात मोठी सोय होती. कुठलं पुस्तक वाचलं जातं, हे नोंदवहीत बघायची गरज नव्हती. पुस्तक काढायचं आणि फुंकर मारायची. आपण पांढरे झालो, तर पुस्तक कुणी उघडलेलं नाही.

मी वीस पुस्तकं फुंकली आणि कोंबड्यांच्या व्यापाऱ्यालाही ओळखू येणार नाही असा झालो. मग एका फळीवरची पुस्तकं अगदी स्वच्छ निघाली. प्रवासवर्णनं, चरित्रं, जाडजूड कादंबऱ्या. काही पानांच्या कोपऱ्यांवर पिवळे ठसे होते, अंगठ्याएवढे. देव-घेवीची वही काढली. नव्व्याण्णव सभासदांनी मिळून वर्षात अठ्ठावन्न पुस्तकं नेली होती. सभासद क्रमांक शंभर हिनं एकटीनं सत्तावन्न.

“ह्या चारुशीला रघुनाथ दप्तरदार कोण?” मी विचारलं.

लालासाहेबांनी घसा साफ केला. “एक सुविद्य महिला.”

बोरमाळमध्ये पुदाले आहेत, मदने आहेत, सूर्यवंशी आहेत, पण दप्तरदार हे नाव तिथं कुणाच्या म्हशीचंही नसेल. मी म्हटलं, बाईंना भेटायचंय. त्यावर पेपर वाचत बसलेल्या सहा जणांपैकी जोतिबा मदने नावाचे गृहस्थ पेपर खाली न करता म्हणाले, “आत्ताच गेल्या की.”

दुसरा म्हणाला, “झोपल्या आस्तील. दुपारचं पडत्यात जरा.”

“आरं, आत्ताच गेल्या म्हणतोस आन् झोपल्या बी म्हणतोस?”

“जाऊन झोपल्या रं गड्या! मानूस जाऊन झोपत न्हाई व्हय?”

मी भिंतीकडं पाहिलं आणि मग मला सगळा उलगडा व्हायला लागला. भिंतीवर मोठा फळा होता. वर रंगानं कायमचं लिहिलेलं: ‘या आठवड्याचे सभासद’. दर आठवड्याला एकेका सभासदाची ओळख खडूनं लिहायची, म्हणजे लोकांना हुरूप येईल, ही लालासाहेबांची कल्पना. नव्व्याण्णव सभासदांना एकेक आठवडा मिळाला होता. ‘नाव हंबीरराव सूर्यवंशी, आवड कुस्ती’ एवढ्यावर ओळख संपे. शंभरावी ओळख १९९१ साली फळ्यावर आली होती ती अजून उतरली नव्हती. ती अशी होती:

चारुशीला रघुनाथ दप्तरदार. वय चोवीस (पान अकरा). शिक्षण मराठी सातवी, इंग्रजी दोन पुस्तकं. कला: पेटी वाजवणे (सध्या बंद). खूण: डाव्या गालावर तीळ. आवड: प्रवासवर्णनं, कारण घराबाहेर जाऊ दिलं नाही. नावड: पाककृती, कारण तेच. ओळखीची माणसं: कुणी नाही. पूर्वीचा पत्ता: रेल्वे स्टेशन. सध्याचा पत्ता: वाचनालयाच्या मागं, बोरमाळ.

आणि खाली ‘मनःस्थिती’ असा एक रकाना. तो कुठल्याही सरकारी कार्डावर नव्हता, लालासाहेबांनी स्वतः आखला होता आणि रोज सकाळी ते तेवढाच पुसून बदलायचे. आदल्या दिवशीचं पुसट दिसत होतं: ‘चहा सोडण्याचा विचार.’ त्यावर आजचं: ‘विचार सोडला.’

त्याच्याही खाली गावानं खडूनं लिहिलेलं होतं. ‘बाई, धीर सोडू नका. — जोतिबा.’ ‘पेटी परत चालू करा.’ ‘चहात आलं घालावं.’ एकानं नुसतंच ‘बरोबर आहे’ लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली दुसऱ्यानं ‘काय बरोबर आहे?’ असं. तो वाद पुढं फळ्याच्या चौकटीवरून भिंतीवर गेला होता.

मी लालासाहेबांना कोपऱ्यात नेलं. त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. पुठ्ठा नाही, पहिली दहा पानं नाहीत, त्यामुळं नाव नाही आणि लेखकही नाही. जुन्या काळची कादंबरी. बांधणीच्या खळीच्या वासानं गिरणीतले उंदीर वर आले होते आणि दोन्ही बाजूंनी जेवले होते. मधली तीनशे पानं शिल्लक. तीनशे बाराव्या पानावर चारुशीला दप्तरदार ही बाई सासरच्या जाचाला कंटाळून, ट्रंक घेऊन, एका लहानशा स्टेशनवर उभी राहते. पाऊलभर अंतरावर रूळ आहेत. लांबून गाडीची शिट्टी ऐकू येते. आणि तिथं उंदीर सुरू होतात.

“आता सांगा सायेब,” लालासाहेब म्हणाले, “बाईमानूस, हातात ट्रंक, वळखीचं कुनी न्हाई. आन् आपुन पुस्तक मिटून जेवाया जायाचं? मला न्हाई जमलं. मी घिऊन आलो.”

“कुठं घेऊन आलात?”

“हितं.” त्यांनी नोंदवहीवर हात ठेवला. “तवा नव्व्याण्णवच होते मेंबर. लय फिरलो, शंभरावा कुनी हुईना. मी म्हनलं, बाईची बी सोय हुईल आन् वाचनालयाची बी. पर एक सांगतो, त्या कारडावर खोटं एक अक्षर न्हाई. पुस्तकात हाय तेवडंच लिवलंय. पान नंबर घातलाय.”

नियमानं मला तिथंच ते नाव खोडायला हवं होतं. पण मी मागं वळून पाहिलं. पेपर वाचणारे सहाच्या सहा जण पेपर उलटे धरून आमच्याकडं बघत होते. मी नोकरीतला नियम शोधला आणि मला एक सोयीचं परिपत्रक आठवलं. “यंदापासून प्रत्येक कार्डावर फोटो लागणार,” मी म्हटलं. “महिन्याच्या आत शंभर फोटोंची एकेक प्रत मला पाठवा. ज्याचा फोटो नाही त्याचं नाव कमी होईल.” एवढं बोलून मी संकटकाळच्या नव्हे, साध्या दारानं गाडीत चढलो. चारुशीलाबाई महिन्याभरात आपोआप विरघळतील, माझ्या हाताला पाप लागणार नाही, असा माझा हिशोब.

एकविसाव्या दिवशी शंभर फोटो आले. शंभराव्या फोटोत चाळिशीची एक दणकट बाई होती. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर पदर, आणि फोटो काढणाऱ्यानं आपली शेळी चोरली आहे अशा संशयानं कॅमेऱ्याकडं बघणारी. डाव्या गालावर हरभऱ्याएवढा काजळाचा तीळ.

ती लालासाहेबांची बायको तानुबाई.

त्या फोटोची कथा मला पुढं तानुबाईंनीच सांगितली. नवरा म्हणाला, पलूसला जाऊन फोटो काढू. लग्नाला बावीस वर्षं झाली, एक फोटो नव्हता. बाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. फोटो स्टुडिओत आरशापुढं उभं केल्यावर नवऱ्यानं खिशातून काजळाची डबी काढली.

“म्या इचारलं, ह्ये काय? तर म्हनत्यात, तीळ. म्हनलं, कुनाचा? तर म्हनत्यात, चारुशीलाचा. तिथंच चप्पल काढनार हुत्ये बगा! तीन वर्सं त्या भवानीचं ऐकत्ये. सकाळी उठलं की चारुशीलाला काय वाटंल, भाकरी खाताना चारुशीलाला ह्ये आवडलं आसतं. आन् आता थोबाड माजं आन् नाव तिचं?”

“मग काढलात कसा फोटो?”

“लुगडं नेसलं हुतं न्हवं,” तानुबाई म्हणाल्या. “वाया कशाला घालवायचं?”

तर अशी चारुशीलाबाईंची मुळं बोरमाळमध्ये पक्की झाली. पुढची दीड वर्षं मीही त्यांच्या बाबतीत निर्ढावलो. तपासणीला गेलो की आधी फळ्यावरची मनःस्थिती वाचायचो. ‘उगीच हसू आले.’ ‘कुंभारवाड्यातल्या सगळ्या मांजरांची नावे पाठ झाली.’ खालच्या मजकुरात एकदा माझंही अक्षर आहे. काय लिहिलं ते सांगत नाही.

माझ्या या बेसावधपणाची शिक्षा १९९५ च्या डिसेंबरात मिळाली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या वाचनालयांचा मेळावा साताऱ्याला भरायचा होता, आणि त्यात सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्या सभासदाचा सत्कार ठरला होता. सगळीकडून आकडे मागवले. सांगलीचे आकडे माझ्या सहीनं गेले. मी न वाचता सही केली, कारण सही करण्याचा माझा अनुभव बारा वर्षांचा होता आणि वाचण्याचा त्याहून कमी. पंधरा दिवसांनी पत्र आलं: ‘यंदा एकसष्ट पुस्तकं वाचणाऱ्या सौ. चारुशीला दप्तरदार, बोरमाळ, यांची निवड झाली असून त्यांनी समक्ष उपस्थित राहावे.’

मी धावत बोरमाळ गाठलं. लालासाहेब गिरणीच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. हंबीरराव सूर्यवंशी, म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, मात्र खुशीत होते. त्यांनी फाट्यावर कापडी फलक लावला होता, ‘बोरमाळची कन्या चारुशीलाताई यांचे हार्दिक अभिनंदन’, आणि साताऱ्याला जायला भाड्याची ट्रॅक्स जीप ठरवली होती.

“हंबीरराव, अहो ती बाई नाहीये,” मी म्हटलं.

“आसंना का. सत्कार हाय न्हवं?”

“कळलं तर नाव कमी होईल. नव्व्याण्णव राहतील. वर्ग जाईल!”

“आन् लालासाब बी जाईल,” जोतिबा मदने बोलले. बाई आजारी आहे म्हणून कळवावं तर घरी जाऊन सत्कार करण्याची मेळाव्याच्या मंडळींची ख्याती होती. बाई वारली म्हणून कळवावं तर नाव तसंही कमी होणार. शेवटी सगळ्यांची नजर एकाच दिशेला गेली. वाचनालयाच्या मागं, जिथं तानुबाई सरपण फोडत होत्या.

“म्या न्हाई,” त्या कुऱ्हाड न थांबवता म्हणाल्या.

“आगं, नुसतं हार घ्यायचा आन् उतरायचं. बोलायचं न्हाई,” लालासाहेब गयावया करत होते.

“तीळ लावनार न्हाई.”

“नको लावू.”

“आन् ट्रॅक्सात म्होरं बशीन.”

ट्रॅक्समध्ये पुढं तानुबाई, मागं आम्ही अकरा जण. कराड सोडेपर्यंत लालासाहेब त्यांना चारुशीलेचा जन्मवृत्तान्त सांगत होते. “रगुनाथ वडलांचं नाव का नवऱ्याचं?” असं तानुबाईंनी एकदा विचारलं, त्यावर लालासाहेबांचा चेहरा पांढरा झाला, कारण ते पहिल्या दहा पानांत होतं.

साताऱ्याच्या सभागृहात तीनेकशे माणसं होती. पाहुण्या म्हणून वाईच्या विनोदिनीबाई आल्या होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. चष्म्याला साखळी, हातात छडी नव्हती तरी असल्यासारखी दिसे. बाईंची एक खोड होती. त्या नुसता हार घालत नसत, प्रश्न विचारत. दुसऱ्या क्रमांकाच्या गृहस्थांना त्यांनी विचारलं, “चोपन्न पुस्तकं वाचलीत, त्यातल्या एकाचं नाव सांगा.” ते म्हणाले, “सगळीच चांगली होती.” आणि अंगावरची शाल सावरत, कुणाकडं न बघता खाली उतरले.

मग नाव पुकारलं गेलं. चारुशीला रघुनाथ दप्तरदार. ते ऐकून विनोदिनीबाईंनी एकदम मान वर केली आणि कागद पुन्हा वाचला. तानुबाई हिरवं लुगडं सावरत वर गेल्या. माझ्या शेजारी लालासाहेबांनी माझा हात असा धरला की ती बोटं मला आठवडाभर दिसत होती.

“आवडलेलं पुस्तक कोणतं?” प्रश्न आला.

तानुबाईंनी पदर कमरेला खोचला. मग त्या म्हणाल्या, “आवडलं न्हाई त्ये सांगू का?”

“सांगा.”

“एक फाटकं पुस्तक हाय. त्यातली बाई सबंद पुस्तकभर रडती. पेटी वाजवाया येती, वाजवत न्हाई. नवरा बोलतो, उत्तर देत न्हाई. आन् येवडं करून शेवटाला ट्रंक घिऊन ठेसनावर हुबी ऱ्हाती, तर तिकीट बी काढलेलं न्हाई! म्या मालकांला म्हनलं, तुमी आनली तिला, ऱ्हाऊ द्या. पर रडाया नगं, काम कराया लावा. मग आमी तिला पुस्तकं दिली.”

“आम्ही म्हणजे?”

तानुबाईंनी प्रेक्षकांकडं पाहिलं. लालासाहेब मान हलवून नाही-नाही करत होते.

“बाई, खोटं कशाला बोलू? म्या चारुशीला न्हाई. तानुबाई पुदाले. आन् मला वाचाया येत न्हाई. म्या भाकरी-कालवण करत्ये, मालक चुलीपाशी बसून वाचत्यात. पान उलटायचं झालं की म्या उलटत्ये, त्यास्नी गुंग झाल्यावर ध्यान ऱ्हात न्हाई.”

तेव्हा मला ते पिवळे अंगठे आठवले. हळदीचे.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. संयोजक उठून उभे राहिले. विनोदिनीबाईंनी त्यांना नुसत्या बोटानं खाली बसवलं. “एकसष्ट पुस्तकं ऐकलीत?”

“साठ. एक अर्दं झालंय. हिमालयात चाललाय एक मानूस, अजून वर पोचला न्हाई. पायाला फोड आल्यात त्याच्या, आन् बूट घ्यायचं सोडून सूर्योदय बघतोय.”

बाईंनी मग एकामागून एक सात-आठ पुस्तकं विचारली. तानुबाईंनी प्रत्येकात कोण शहाणं, कोण येडं आणि कुणाला वेळीच जेवायला घालायला हवं होतं, ते सांगितलं. शेवटी विनोदिनीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि शाल तानुबाईंच्या खांद्यावर घातली. टाळ्या थांबल्यावर त्या म्हणाल्या, “ही चारुशीला माझ्या ओळखीची आहे. मी चौदा वर्षांची असताना ती कादंबरी वाचली होती. तिचं पुढं काय झालं, ते मला माहीत आहे.”

“सांगू नगा!” लालासाहेब खुर्चीवर उभे राहून ओरडले.

“सांगा!” तानुबाई व्यासपीठावरून ओरडल्या.

“आगं, तीळ न्हाई लावला, त्ये ऐकलं तुजं! आता ह्ये तरी ऐक!”

“पाच वर्सं घरात ठिवून घेतलीया, कुटं जानार हुती त्ये कळाया नगं? गाडी चुकली आसंल तर?”

तीनशे माणसांसमोर हे चाललं होतं. शेवटी विनोदिनीबाईंनीच तोडगा काढला. वाईच्या घरी त्यांच्याकडं अख्खी प्रत आहे, ती टपालानं पाठवतील. वाचायची की नाही, ते पुदाले कुटुंबानं ठरवावं.

पार्सल मार्चमध्ये आलं, आणि मी नेमका तपासणीला तिथं होतो. लालासाहेबांनी ते तीन दिवस फोडलं नव्हतं. मिरजेच्या एकोणचाळीस भोपळ्यांत जे सापडलं नव्हतं ते दोरी बांधून टेबलावर आलं होतं आणि माणूस हात लावेना. “शेवट नसंल तवर ती हितं ऱ्हाती सायेब,” ते हळूच मला म्हणाले. तानुबाईंनी दोरी विळीनं कापली. वीज गेलेली, त्यामुळं गिरणी बंद. जोतिबा, हंबीरराव आणि पेपरवाले सगळे जमले. लालासाहेबांनी तीनशे तेरावं पान काढलं.

आठच पानं होती. गाडी आली. ती भलत्याच दिशेची निघाली. चारुशीला बाकावर बसली. तासाभरानं टांगा घेऊन धाकटा दीर आला आणि म्हणाला, “वहिनी, पानं वाढलीत.” चारुशीला उठली. दिरानं ट्रंक उचलली. ती घरी गेली. समाप्त.

तानुबाईंनी वाकून पान उलटलं, पुढं नुसता पुठ्ठा होता.

“म्हंजी?” तानुबाई म्हणाल्या. “ट्रंक उघडली बी न्हाई?”

“जेवाया गेली,” जोतिबा म्हणाले.

लालासाहेबांनी पुस्तक मिटलं. उठून कपाटातून शंभर नंबरचं कार्ड काढलं, पेनाला टोपण नीट मागं लावलं आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: ‘गाव सोडले. पान तीनशे वीस.’ मग ओला फडका घेऊन फळ्याकडं गेले आणि पाच वर्षांची ओळख पुसली. मनःस्थितीचा रकाना शेवटी पुसला.

“लालासाहेब, काय करताय? नव्व्याण्णव राहिले!” तपासायला आलेला मी ओरडलो.

“ऱ्हाऊ द्या सायेब. घरी गेलेलं मानूस हितं हाय म्हनून कसं लिवायचं? खोटं हुईल.”

मी कपाळावर हात मारला. हंबीरराव खुर्चीत खचले. ‘क’ वर्ग समोर दिसत होता, लालासाहेबांची रिकामी खुर्चीही दिसत होती. तेव्हा तानुबाईंनी टेबलावरचं कोरं कार्ड ओढलं.

“माजं लिवा,” त्या म्हणाल्या.

“तुजं?”

“का? त्या भवानीचं चाललं, माजं चालत न्हाई? फोटू बी माजाच हाय.”

लालासाहेबांनी जुन्या कार्डावरचा फोटो वाफेवर सोडवला. काजळाचा तीळ नखानं खरवडून काढताना गालाचाही थोडा भाग गेला, पण ओळख पटत होती. नाव तानुबाई लालासाहेब पुदाले. वय अंदाजे त्रेचाळीस. आवड, नावड लिहायला जागा पुरेना. सहीच्या जागी त्यांनी अंगठा ठेवला, पिवळा. सहीऐवजी अंगठा चालतो का, असं लालासाहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, या वाचनालयातल्या पुस्तकांवर दुसऱ्या कुणाची खूणच नाही, तेव्हा हाच चालेल. शंभर पूर्ण झाले. सगळे खरे. फळ्यावर नवी ओळख आली आणि पहिल्याच दिवशी मनःस्थितीत तानुबाईंनी सांगून लिहवून घेतलं: ‘कामं हायती.’ खाली जोतिबांनी ‘बरोबर आहे’ लिहिलं.

जुलैमध्ये नवं परिपत्रक आलं. ‘ब’ वर्गाला आता दीडशे सभासद लागतात. बोरमाळचं वाचनालय ‘क’ वर्गात गेलं, ते संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं, आणि लालासाहेब दिवसा खाली गिरणीत बसतात.